आमची वाटचाल: कॉफी, कुंड्या आणि चिलटं

कॅफेत झाडंही विकायची ठरवलं, तेव्हा कॉफीची बाजू पक्की होती. 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंद, कपात 36 ग्रॅम एस्प्रेसो. झाडांची बाजू सांभाळायला नर्सरीत हात मळलेला भागीदार होता. त्यानं काउंटरजवळ लाकडाची एक लांब काडी ठेवली. झारी उचलण्याआधी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसायची. ओली माती चिकटून आली की झारी परत जागेवर. काडी अजून तिथंच आहे. भागीदार वेगळा झाला आणि काडीला कुणी हात लावेना.

धंदा बसायची वेळ आली ती त्यानंतर, चिलटांमुळे. गिऱ्हाइकं कपावर हात धरून कॉफी प्यायची. समोरच्या दुकानदारानं 'तिथली कॉफीच घाण' असं पसरवलं, आणि ते पसरायला वेळ लागला नाही.

आमची चूक अशी की पंधरा दिवस सिंकच घासत बसलो. मोरीतली माशी केसाळ असते, पंख पाकोळीसारखे. ती पाइपातल्या चिकट थरात वाढते. रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, थोडी फट ठेवून लावा. सकाळी माशा चिकटल्या असतील तरच पाइप घासा. फळमाशी सिरपच्या आणि कचऱ्याच्या डब्याभोवती घिरट्या घालते. कुंडीतलं चिलट मात्र काळं, सडपातळ, लांब पायांचं. माती हलवली की उठतं.

हा फरक आमच्या लक्षात आणून दिला तो खिडकीशी बसून बिनसाखरेची कॉफी घेणाऱ्या काकूंनी. वाईट दिवसांतही त्या यायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवायला सांगितली. तीन दिवसांनी उलटली, तर खाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या.

मूळ कारण आमचाच चोथा. 'फुकटचं खत' म्हणून ओला चोथा आम्ही कुंड्यांवर थापत होतो. त्याची साय धरते, पाणी धड खाली मुरत नाही, वर बुरशी येते. अळ्या ती बुरशी खातात आणि जोडीला कोवळी मुळंही. चोथा जिरवायचाच तर कंपोस्टमध्ये, वाळलेल्या पानांबरोबर, ढिगाच्या पाचव्या हिश्शाच्या आत. कुंडीत थेट नाही.

पिवळे चिकट सापळे फक्त उडणारी चिलटं धरतात. आम्ही वरचा 3 सेंमी थर खरवडून टाकला, माती वरून सुकू दिली आणि बीटीआय, म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, पाण्यात कालवून ओतलं. एकदा ओतून थांबलो आणि चिलटं परत आली, कारण ते खाणाऱ्या अळीलाच मारतं. अंडी आणि कोष सुटतात. पिढी साधारण तीन-चार आठवड्यांची, म्हणून दर आठवड्याला एकदा, निदान चार वेळा.

पुढची वर्षं सुरळीत गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

असं दुकान काढणाऱ्यांनी एवढं पाळावं. आरओनं बाहेर टाकलेलं पाणी कुंड्यांना घालू नका. त्यात क्षार साचलेले असतात, स्पायडर प्लांटचे शेंडे करपतात. मशीनच्या वाफेच्या नळीशेजारी नेचा ठेवू नका, दमट हवा वेगळी आणि चटका वेगळा. डिफेनबॅकिया आणि मनीप्लांट लहान मुलांच्या हाताला लागतील असे नकोत. पान चावलं तर तोंडाची आग होते. 'कमी उजेडात जगतं' याचा अर्थ जगतं एवढाच. विकायचं झेडझेड प्लांटसुद्धा खिडकीशीच हवं.

समोर अजूनही बिनभोकाच्या कुंड्या विकतात, तळाला खडी घालून. खडीनं निचरा होत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडकून राहतं, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. तिथली झाडं पिवळी पडली की आमच्याकडे येतात. आम्ही कुंडी बदलून देतो, सडलेली मुळं कापतो आणि पैसे घेतो.