तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ झालं, मग तिला अजून आत का ठेवलंय?

बाळाच्या रडण्याचा आवाज बाहेर गेला की पाच-दहा मिनिटांत दारावर टकटक होतेच. "सिस्टर, सगळं नॉर्मल झालं ना, मग तिला खोलीत कधी आणणार?" लेबर रूममध्ये इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न ऐकला नाही असा एक आठवडा गेला नसेल. तेव्हा हात भरलेले असतात म्हणून "दोन तास थांबा" एवढंच सांगून दार लावते, आज नीट सांगते.

बाळ आलं की तुमचा जीव भांड्यात पडतो, आमचा नाही पडत. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं, आणि वार सुटली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडीच राहतात. ती बंद करतात पिशवीचे स्नायू, ते आवळले की वाहिन्या चिमटल्या जातात. पिशवी सैल राहिली की रक्त वाहतच राहतं. जगात आजही बाळंतपणात बायका दगावतात त्याचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्राव हेच आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणींचं बाळंतपण तोवर अगदी व्यवस्थित पार पडलेलं असतं.

म्हणून बाळ आलं की मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, आणि मग दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात, नाडी, बीपी. हाताला घट्ट गोळा लागला तर ठीक, मऊ लागलं तर तिथल्या तिथे चोळायला घ्यायचं. लघवी तुंबली तरी पिशवी नीट आवळत नाही, म्हणून "लघवी झाली का" हे आम्ही सारखं विचारतो. आणि ते इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, दिवसचे दिवस ट्रेमध्ये पडून राहिलेली ॲम्प्युल दिसायला तशीच दिसते पण तिचा गुण कमी झालेला असतो, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

माझ्या हातून एकदा चुकलं होतं. मी नवीन होते, बाळंतीण शांत पडलेली, बाळ छातीशी, मला म्हणाली, "सिस्टर, जरा थंडी वाजतेय." बीपी ११०/७०. मी पांघरूण घातलं आणि शीटवर "ब्लीडिंग नॉर्मल" लिहून दुसऱ्या बेडकडे गेले. मोठ्या सिस्टरनी येऊन आधी नाडी धरली, १२४. मग तेच पांघरूण बाजूला करून तिच्या कमरेखालचं कापड ओढलं, तर ते जड झालेलं. कापड, पॅड सगळं वजनकाट्यावर ठेवलं, कोरं वजन वजा करून ९०० ग्रॅम, म्हणजे साधारण ९०० मिली रक्त. तरुण शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं, आधी नाडी पळायला लागते, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं पण समोर दिसलं नाही. ती बाई वाचली. तो काटा मी विसरले नाही.

अंदाज कमीच निघतो, अनुभवी माणसाचासुद्धा. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० हॉस्पिटलांचा, दोन लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास आला, त्यात कमरेखाली आकड्यांच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं, आणि जास्त दिसलं की चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे एकामागून एक करून वाट न बघता सगळं एकदमच सुरू केलं. एका लिटरच्या वर रक्त जाणं, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं आधीचीच होती. आता २०२५ पासून जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की ५०० मिलीची वाट बघू नका, ३०० मिली गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल तरी उपचार सुरू करा.

लोक हॉस्पिटल बघायला येतात तेव्हा खोल्या बघतात, मशिनं बघतात. मला विचाराल तर त्या दोन तासांत तिच्याजवळ एक माणूस आहे का ते बघा. एक सिस्टर पाच बेड सांभाळत असेल तर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात कसा पडणार, कितीही जीव तोडून काम करू दे. सुधारणा म्हणून आमच्याकडे नवनवीन रजिस्टरं येतात, ती मीही मनापासून भरते, पण रात्रपाळीला अजून एक सिस्टर मिळाली तर मला त्याहून जास्त हवी आहे.

तर बाळाला बघून झालं की आत विचारा, "रक्त किती गेलं?" "फार नाही" हे उत्तर घेऊ नका, आकडा मागा. आणि खोलीत आणल्यावर ती म्हणाली चक्कर येतेय, थंडी वाजतेय, घाबरल्यासारखं होतंय, किंवा पॅड लवकर भिजतोय, तर अर्ध्या रात्री आम्हाला उठवा, दोनदा उठवा.