तुम्ही विचारलंत म्हणून: आजाराला नाव नाही, मग पायांवर इलाज कसला?

कागदावर फक्त ‘नसांचा आनुवंशिक आजार’ एवढंच आहे, नेमका कोणता ते सापडलेलं नाही. मग इलाज कशावर करतात, असं अनेक जण विचारतात. पायांची रोजची निगा नावावर अडून नसते. कोणत्या स्नायूंत जोर उरलाय आणि कुठली संवेदना गेलीय, यावर ती ठरते.

या आजारांत बहुधा सर्वांत लांब नसा (मज्जातंतू) आधी दगा देतात, म्हणून सुरुवात पावलांपासून. चवडा उचलणारे स्नायू दुबळे होतात, कमान उंचावते, बोटं आकड्यासारखी वळतात. भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर येतो आणि करंगळीच्या मुळाशी घट्टा पडतो. घट्टा जाड झाला की त्याच्याखाली जखम होऊ शकते, आणि दुखत नसल्याने पत्ताच लागत नाही. म्हणून रोज रात्री तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्यांसकट. घट्टा ब्लेडने कापू नये. कॉर्नकॅपही नको, तिच्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही सोलतं. पाणी किती गरम आहे ते कोपराने बघावं, पायाने नाही.

बूट पुढे रुंद आणि खोल हवा, टाचेमागे कडक, वर नाडी किंवा पट्टा. सुटी चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते आणि नेमका तोच जोर नसतो. नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घालावा. काढल्यावर दिसणारा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर बूट चुकलाय. चवडा लोंबत असेल तर घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा कडक आधार, म्हणजे एएफओ, लागतो. पण घोटा आखडला की तो नीट बसत नाही. त्यासाठी भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला लावून पोटरी 30 सेकंद ताणावी, तीन-चारदा.

तोंड धुतानाही जपावं. पाऊल कुठे टेकलंय ही खबर मेंदूला पुरती पोचत नाही, तोल डोळ्यांवर चालतो. साबणासाठी डोळे मिटले की झोक जातो. एक हात बेसिनवर हवाच.

तरीही नाव शोधणं सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. सीआयडीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांच्या आवरणावर उलटते तो आजार, आनुवंशिक नाही, पण तसा भासू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आनुवंशिक ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसवरही (यात एक बिघडलेलं प्रथिन नसांत साचतं) औषधं आहेत. बी12 ची कमतरता किंवा मधुमेह मूळ दुखण्यात भर घालतात. नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या नर्व्ह कंडक्शन तपासणीत पायाच्या नसांतून कधी कधी काहीच उमटत नाही, तेव्हा हाताचं मोजमाप कामी येतं: तिथला वेग सेकंदाला 38 मीटरपेक्षा कमी असेल, तर बिघाड नसेच्या आवरणात असण्याची शक्यता जास्त.

जनुकतपासणी ‘निगेटिव्ह’ आली तर कोणती केली ते विचारा. 1886 साली वर्णन झालेल्या शार्को-मरी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात पीएमपी22 जनुकाची एक प्रत जादा असते. जनुकांतला प्रथिनं घडवणारा भाग वाचणाऱ्या एक्झोम तपासणीतून ती निसटू शकते. एमएलपीए ही वेगळी तपासणी प्रती मोजते. ‘अर्थ अनिश्चित’ (जनुकात बदल सापडला, पण तो आजाराचं कारण आहे का ते ठाऊक नाही) असा शेरा असलेला अहवाल जपून ठेवावा आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावा.

आणि कर्करोगाचे उपचार सुरू होणार असतील, तर निदान अपुरं असलं तरी नसांचं दुखणं आधी सांगावं. व्हिन्क्रिस्टिन हे औषध शार्को-मरी-टूथच्या काही रुग्णांना अल्पावधीत लुळं करू शकतं.