टकर म्हणजे कुठले? एका आडनावामागे क्यू ते एक्सेटर

माझं लग्न ठरलं तेव्हा सांगलीच्या आजीने पहिला प्रश्न विचारला होता, "टकर? म्हणजे टक गावचे का?" आपल्याकडे आडनावात 'कर' आला की गाव आलंच. तेव्हा सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. यंदा लेकीने वहीवर नाव घालताना तेच विचारलं आणि मला उत्तर देता येईना. नवरा डेव्हनचा, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या परगण्यातला; एक्सेटर हे तिथलंच शहर. त्याच्या घरी एवढंच माहीत की टकर म्हणजे कापडाच्या कामातला कोणीतरी. म्हणून मे महिन्यात पाच दिवस काढले आणि आधी लंडनमधलं क्यू, मग एक्सेटर असा दौरा केला.

निघण्याआधी आडनावाचा अर्थ नीट समजून घेतला, हे फार बरं झालं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड सैल आणि तेलकट असतं. पाण्यात भिजवून, फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती लावून ते तुडवलं की मळ निघतो, कापड आटतं आणि घट्ट होतं. हे काम करणारा आग्नेय इंग्लंडात फुलर, उत्तरेत वॉकर आणि नैर्ऋत्येकडे टकर. काम एकच, आडनावं तीन. शोध कोणत्या परगण्यात सुरू करायचा, हे कधीकधी आडनावच सांगतं.

क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात, मूळ कागद पाहायला रीडर्स तिकीट लागतं. ते फुकट मिळतं, पण नाव आणि पत्ता सिद्ध करणारी दोन वेगवेगळी कागदपत्रं बरोबर हवीत. रविवारी आणि सोमवारी बंद असतं. मागणी घरूनच आगाऊ नोंदवा. पेन आत नेता येत नाही, पेन्सिल चालते. फोनने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. क्यू गार्डन्स स्टेशनपासून दहा मिनिटं चालत.

मध्ययुगीन करांचे कागद 'ई 179' या मालिकेत आहेत. त्यांची सूची इंटरनेटवर मोफत पाहता येते, पण त्यात माणसांची नावं शोधता येत नाहीत. गाव, वर्ष आणि कराचा प्रकार एवढंच मिळतं. मी इथेच चुकले. उत्साहाच्या भरात 1334 नंतरची एक गुंडाळी मागवली. उलगडून पाहते तर नुसती गावं आणि पुढे रकमा. 1334 पासून सरकारने प्रत्येक गावावर ठरावीक रक्कम बसवली, ती कोणाकडून किती गोळा करायची हे गावाने बघायचं. त्यामुळे माणसांची नावंच गेली. माझी अख्खी सकाळ त्यात गेली. तुम्ही 1327 आणि 1332 च्या याद्या धरा, नाहीतर 1377, 1379 आणि 1381 चा डोईकर. 1377 मध्ये चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला, भिकारी सोडून, 4 पेन्स द्यावे लागले. 1381 ला तोच कर 12 पेन्सवर गेला आणि शेतकऱ्यांचं बंड पेटलं. डोईकराच्या काही याद्यांत माणसाचा धंदाही लिहिलेला असतो. मात्र सगळ्या गावांच्या याद्या टिकलेल्या नाहीत.

डेव्हनची 1332 ची यादी छापून झाली आहे. ती आधी वाचा, मग मूळ मागवा. मूळ पाहायचंच, कारण त्याचा अनुभव वेगळा आहे. चामड्याचे लांब पट्टे वरच्या कडेला एकत्र शिवलेले, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे उलटायचे. एक बाजू पिवळट, दुसरी पांढरी. हातमोजे नकोत, हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. भाषा लॅटिन, शब्द तोडून लिहिलेले, वर आडवी रेघ. मी कॉलेजात असताना मोडी शिकले होते. सलग ओळीतून अक्षर सोडवायची ती सवय इथे कामी आली. 'यू' आणि 'एन' अगदी सारखे दिसतात, दोन उभ्या काड्या. 'टूकेर', म्हणजे टकरचं जुनं रूप, मी पहिल्यांदा 'टॉन्केर' वाचून पुढे गेले होते. परत आले, शेजारच्या ओळींतल्या काड्या मोजल्या, तेव्हा ते आडनाव सापडलं. समोर रोमन अंकांत आठ आणि पेनीची खूण. डोळे भरून आले, खरंच सांगते.

8 पेन्स म्हणजे काय? त्या वर्षी खेड्यांत जंगम मालमत्तेचा पंधरावा भाग द्यायचा होता. 15 गुणिले 8 म्हणजे 120 पेन्स, आणि 12 पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे 10 शिलिंगांची मालमत्ता. त्याच्या खाली कर माफ. म्हणजे हा माणूस कर बसणाऱ्यांत सगळ्यात शेवटच्या पायरीवरचा. त्याच्याहून गरीब टकर असतील तर ते या यादीत नाहीत. नाव सापडलं नाही म्हणून माणूस नव्हता, असं समजू नका.

पॅडिंग्टनहून एक्सेटरला रेल्वेने दोन-अडीच तास. गावाबाहेर सॉटनला डेव्हन हेरिटेज सेंटर आहे, जवळचं स्टेशन डिग्बी अँड सॉटन. आधी जागा राखून जा. एक्सेटर बंदराच्या स्थानिक जकातीच्या गुंडाळ्या 1266 पासूनच्या आहेत. जहाजाचं नाव, तांडेल, कोणाचा किती माल. शहराच्या नागरिकांना जकात माफ होती, तरी त्यांची नावं लिहिलेली आहेत, हे या नोंदींचं मोल. सुरुवातीच्या वर्षांचं इंग्रजी भाषांतर छापलेलं आहे, लॅटिन येत नसेल तर तिथून सुरुवात करा. दारू, मासळी, कापड निळं रंगवायची वोड. लोकर परदेशी पाठवली तर राजाची जकात वेगळी, 1275 पासून दर पोत्याला 6 शिलिंग 8 पेन्स. ते हिशेब क्यूला 'ई 122' मध्ये.

फोर स्ट्रीटवरचा टकर्स हॉल चुकवू नका. विणकर, टकर आणि कापडाची लव कातरणारे यांच्या संघाने 1471 मध्ये चॅपल म्हणून बांधलेला. उघडण्याचे दिवस मोजके, आधी चौकशी करा. तिथून खाली रॅक स्ट्रीट. ओलं कापड ताणून वाळवायच्या चौकटींना रॅक म्हणत. लेक त्या पाटीखाली उभी राहिली आणि मी तिला आजोळच्या घोंगडीची आठवण करून दिली. धनगरांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली. तिने लगेच विचारलं, "मग आपल्याकडे खळ लावणाऱ्यांचं आडनाव काय?"

एक मात्र मनाची तयारी ठेवून करा. चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी 1538 पासूनच्या. त्याआधीच्या टकरपासून आपल्या टकरपर्यंत साखळी जोडणं बहुतेकांना जमत नाही. शिवाय 1332 मध्ये आडनाव पक्कं झालं होतंच असं नाही. तो माणूस खरोखरच कापड तुडवत असेल, आणि त्याच्या मुलाचं नाव वेगळंच पडलं असेल. डेव्हनची बहुतेक जुनी मृत्युपत्रं 1942 च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरलाच जळाली, त्यामुळे तोही रस्ता अरुंद आहे. मधला पूल म्हणून 1524-25 ची करयादी बघा. तीही 'ई 179' मध्येच आहे. मी ती पुढच्या खेपेसाठी ठेवली आहे. आजीला फोनवर सांगितलं, टक नावाचं गाव नाही, ते कापड तुडवणारे. ती म्हणाली, "मग कष्टाचं घर आहे."