पहिला शुक्रवार आणि छत्री

मे महिन्यात एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपता संपता बिशपांचं पत्र वाचून दाखवलं. सात वर्षं आमच्याकडे असलेले फादर दुसऱ्या चर्चच्या धर्मग्रामात निघाले होते आणि नवे फादर आजारपणामुळे जुलैत येणार होते. मधला काळ सहायक फादरांकडे. चर्चच्या कायद्यातच ती सोय आहे: मुख्य धर्मगुरूंची जागा रिकामी असली की दुसरी नेमणूक होईपर्यंत सहायकांनी कारभार पाहायचा. आमचे सहायक जेमतेम तिशीचे.

आम्ही वसईची माणसं बदलीला सरावलेली. निरोपाला सहा भाषणं झाली, शाल झाली, जेवण झालं. मग ज्याची त्याची कुरकुर सुरू. सकाळची मिस्सा साडेसहाऐवजी सातला होईल का, गायनमंडळाचा माईक कुणी हलवला, वगैरे. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू.

खरी पंचाईत जूनच्या पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी झाली. पहिल्या शुक्रवारी फादर आजारी माणसांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, देतात. सहायक फादरांनी ऑफिसात यादी शोधली. नव्हतीच. जुन्या फादरांच्या डोक्यात होती सगळी. मग मला बोलावलं, कारण पावसाळ्यात त्यांच्यावर छत्री धरायला मी जायचे.

रात्री स्वयंपाकघरात बसून मी आळीआळीने घरं लिहून काढली. तेवीस. पुढे खुणा: मागच्या दारानं जायचं, इथे कुत्रा बांधायला सांगायचं, आजोबांना कमी ऐकू येतं, डाव्या कानाशी बोलायचं, ही बाई आधी रडते, थांबायचं. मला वाटायचं, मी नुसती छत्री धरते.

दुसऱ्या दिवशी तेवीस घरं झाली, आम्ही खूश. संध्याकाळी फोन आला, "आमच्या आजीला विसरलात."

विसरले होते खरंच. बावखलाच्या तळ्यापलीकडचं शेवटचं घर. जुने फादर तिथे एकटेच सायकलने जायचे, मला घरी पाठवून. आम्ही पुन्हा निघालो. धो धो पाऊस. पोचलो तर टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड, क्रूस, पेल्यात पाणी आणि सकाळपासून पेटवून पेटवून बोटभर उरलेली मेणबत्ती. आजी एक्क्याण्णव वर्षांच्या. सकाळपासून तोंडात काही घेतलं नव्हतं. कम्युनियनआधी तासाभराचा उपास पुरतो, आजारी माणसाला तर तोही सक्तीचा नाही, हे सांगून काय उपयोग? त्यांच्या लग्नातली मिस्सा लॅटिनमध्ये झाली होती, नियम तेव्हाचेच. सहायक फादर गुडघ्यावर बसले आणि आधी माफी मागितली.

आजींनी त्यांच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "फादर बदलले ते कळवायचं तरी. मी त्यांच्यासाठी अंडी ठेवली होती."

अंडी आम्हीच आणली.

जुलैत नवे फादर आले. चाव्या घेतल्या, नोंदवह्या पाहिल्या. मी माझा कागद पुढे केला, चोविसावं घर तांबड्या पेनानं लिहिलेलं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "कुत्र्याचं नाव काय?"

ते मात्र मी लिहिलं नव्हतं.