वाहून गेलेली खडी आणि रुतलेली खडी

लांज्याजवळच्या वाडीतलं घर. रस्त्यावरून फाटकातून आत उतरणारी 38 मीटर लांब, 3 मीटर रुंद वाट, दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा. काकांचं म्हणणं सरळ होतं, "दरवर्षी दोन ब्रास खडी टाकतो, दिवाळीपर्यंत गायब. आता पेव्हर टाकून मोकळा होतो." एका ठेकेदाराने दरही देऊन ठेवला होता. आहे त्या खडीवर कच (खडी फोडताना निघणारा बारीक चुरा) पसरायची आणि वर 60 मिलिमीटरचे ब्लॉक, थेट खळ्यापर्यंत.

दराकडे बघण्याआधी ट्यूब लेव्हल (उंचीतला फरक मोजायची पाणी भरलेली नळी) लावली. वरच्या 24 मीटरमध्ये 3.2 मीटर उतार, म्हणजे साडेसातास एक. खालचे 14 मीटर जवळपास सपाट. उतारावर चाकोऱ्यांतून माती उघडी पडली होती आणि तिथली खडी खळ्याच्या कडेला ढिगाने साठलेली. मग सपाटीवरची कुठे गेली? तिथे चाकोरीत दीड फूट खणून पाहिलं. वर खडी, खाली बोटभर लाल चिखल, पुन्हा खडी, पुन्हा चिखल. असे चार थर मोजले. एप्रिल असूनही तळाची माती हाताला ओलसर लागत होती. पावसात मऊ पडलेल्या मातीत चाकांनी खडी खाली दाबली आणि चिखल फटींतून वर आला. काकांचे पैसे जमिनीतच होते.

एकाच वाटेला दोन दुखणी, म्हणून दोन वेगळे उपाय सुचवले.

उतारावर पेव्हर नकोत. गाडी ब्रेक लावत उतरते तेव्हा ब्लॉक कणाकणाने खाली सरकतात, वरच्या फटी उघडतात, त्यांतून पाणी शिरून खालची वाळू धुऊन नेतं. तिथे 150 मिलिमीटर दाबलेल्या जीएसबीवर (पायाला टाकायचं खडी आणि बारीक मालाचं मिश्रण) 150 मिलिमीटर एम-20 प्रतीचं काँक्रीट. 72 चौरस मीटरला 10.8 घनमीटर काँक्रीट, साधारण 86 गोण्या सिमेंट, आणि जीएसबी सुटं मोजून पाच ब्रास. जाडी कारसाठी नाही, मे महिन्यात येणाऱ्या पाण्याच्या टँकरसाठी. ओतायला सुरुवात खालून. दर 3 मीटरवर 40 मिलिमीटर खोल काप, तोही चोवीस तासांच्या आत. कटरवाला तिसऱ्या दिवशी उगवला तर तोवर काँक्रीटने आपली भेग स्वतःच पाडलेली असते. वर घोटून गुळगुळीत करायचं नाही. शेवाळ धरलं की त्यावर माणूसही उभा राहत नाही. ओलं असतानाच खराट्याने आडवे ओरखडे. उतारावर पाण्याचे वाफे टिकत नाहीत, त्यामुळे क्युअरिंगला गोणपाट, किमान दहा दिवस ओलं.

सपाटीवर मात्र पेव्हर चालतील, पण 80 मिलिमीटरचे. आधी 310 मिलिमीटर खोदाई, तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं न विणलेलं कापड), त्यावर 200 मिलिमीटर जीएसबी दोन थरांत, मग 30 मिलिमीटर भरड वाळू. कापड कशाला, ताडपत्री आहे की, असं काकांनी विचारलं. ताडपत्री चिखल अडवते, पण पाणीही अडवते. इथे पाणी जाऊ द्यायचंय आणि माती थांबवायचीय. वाळूऐवजी कच टाकली तर तिच्यातली भुकटी पाणी धरून ठेवते, ब्लॉक डुलायला लागतात. कडेला काँक्रीटचे कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारे उभे काठ) हवेतच. नुसत्या गडग्याच्या भरवशावर कडेची ओळ सुटते.

डांबराचा विचार पाच मिनिटांत संपला. एवढ्याशा कामाला प्लँटचा माल पोचेपर्यंत गार होतो आणि दोन गडग्यांमध्ये रोलर वळत नाही. काकांना खरं तर गडग्याला शोभेल असा जांभ्याचा चिरा हवा होता. पायवाटेला उत्तम, पण वळणाऱ्या टायरखाली जांभा झिजून लाल भुकटी होते.

या सगळ्याआधी फाटकाशी 300 मिलिमीटर रुंद जाळीचं आडवं गटार, कारण रस्त्याचं पाणी तिथूनच आत शिरतं. ते डाव्या गडग्याच्या कडेने पऱ्यात (ओढ्यात) सोडायचं. खणून निघालेली खडी धुऊन याच गटाराच्या पाठीमागे भरली.

काँक्रीट मेच्या पहिल्या आठवड्यात पडलं. अठ्ठावीस दिवस टँकर आत नको म्हटल्यावर काकू वैतागल्या, "ऐन मेमध्ये?" टँकर रस्त्यावरच उभा करून पाईप खाली सोडला. उतार असल्याने पंपाचीही गरज पडली नाही.