आठ पानी प्रश्नावली

माझी पत्नी जपानमधल्या ओकायामा शहराची. लग्नानंतर तिच्या गावी जाऊन राहायचे असे आम्ही ठरवले, तेव्हा माझ्या आजीने "म्हणजे घरजावईच की!" एवढ्या एका वाक्यात विषय संपवला. जपान सरकारला मात्र तोच विषय समजून घ्यायला आठ पाने लागली. त्या आठ पानांविषयी आणि त्यांच्या मागेपुढे असलेल्या कागदांविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

जपानी नागरिकाचा जोडीदार या नात्याने तेथे राहायचे असेल, तर व्हिसाचा अर्ज ही शेवटची आणि बहुधा सर्वांत सोपी पायरी असते. खरा निर्णय त्याआधी, स्थलांतर विभाग जे पात्रता प्रमाणपत्र देतो त्या वेळी होतो, आणि त्यासाठीचा अर्ज जपानमध्ये राहणारा जोडीदार आपल्या वतीने तिथल्या कार्यालयात करतो. म्हणजे मी पुण्यात बसून केवळ कागद गोळा करीत होतो. रांगेत उभी राहिली ती पत्नी.

त्याच्याही आधी लग्न दोन्ही देशांत नोंदवले जावे लागते. आम्ही १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली पुण्यात नोंदणी केली. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचे आणि मग तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या, असा तो प्रकार असल्यामुळे पत्नीला दोनदा यावे लागले. भारतात लग्न झाल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याची खबर जपानी कार्यालयात द्यावी लागते. त्या खबरीबरोबर माझा जन्मदाखलाही मागितला गेला आणि तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्यावर आईवडिलांची नावे आहेत, माझ्या नावाची जागा मात्र कोरी आहे. माझ्या पिढीतील अनेकांचे दाखले असेच आहेत, कारण जन्माची नोंद बारशाच्या आधी होत असे. नाव घालून घेण्यात तीन आठवडे गेले. भाषांतरासाठी अधिकृत भाषांतरकाराची गरज नसते, करणाऱ्याने आपले नाव खाली लिहिले म्हणजे पुरते. त्यामुळे ते काम पत्नीनेच केले.

जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाची कोसेकी नावाची सरकारी नोंद असते. परदेशी माणसाला स्वतःची कोसेकी मिळत नाही. लग्न झाल्यावर पत्नीचे नाव तिच्या आईवडिलांच्या कोसेकीतून निघाले, तिच्या नावाने नवी कोसेकी तयार झाली आणि तिच्या नोंदीत, तिचा पती म्हणून, माझे नाव आले. सातबारावर इतर हक्कांत नाव लागावे तसे मला ते वाटले. हे नाव काताकाना लिपीत लिहितात आणि त्या लिपीत र आणि ल यांत भेद नसल्यामुळे आमच्या कुलकर्णी घराण्याचे तिथे कुरुकारुनी झाले. पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचे नाव असल्याने तेही नोंदीत आले. पत्नीचे आडनाव मात्र बदलले नाही. जपानी पतिपत्नींना तिथल्या कायद्याने एकच आडनाव घ्यावे लागते, पण परदेशी व्यक्तीशी लग्न केल्यास ती सक्ती नसते. बदलायचेच असेल तर सहा महिन्यांच्या आत नुसती सूचना दिली तरी चालते. तांदळाच्या ताटात नवे नाव लिहायची आईची हौस त्यामुळे राहून गेली.

आता ती प्रश्नावली. जपानीत तिला शित्सुमोनशो म्हणतात. तुम्ही प्रथम केव्हा, कोठे आणि कसे भेटलात, तिथपासून लग्नापर्यंत काय काय घडले, हे तारखांसकट लिहायचे. ओळख करून देणारे कोणी होते काय, असल्यास त्यांचे नाव काय आणि त्यांचा तुमच्याशी संबंध कोणता? दोघे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलता, आणि एकमेकांची मातृभाषा कितपत समजते? समारंभ कोठे झाला, किती माणसे आली, दोन्ही घरांतून कोणकोण हजर होते? हे पहिलेच लग्न आहे काय? एकमेकांच्या देशात आजवर कितीदा गेलात? दोघांच्या आईवडिलांची व भावंडांची माहिती द्या, आणि त्यांपैकी कोणाकोणाला हे लग्न ठाऊक आहे तेही सांगा.

इंटरनेटवर अनेक परदेशी लोक या प्रश्नांवर चिडलेले दिसतात. सरकारने खाजगी आयुष्यात डोकावू नये, असे त्यांचे म्हणणे. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी हे चालते, हे उघड आहे, आणि संशयिताच्या जागी बसून आपल्या प्रेमाची हकिकत लिहिणे सुखाचे नसते, हेही मला मान्य आहे. पण खरे सांगायचे तर मला ते प्रश्न फारसे परके वाटले नाहीत. मध्यस्थ कोण, घरची माणसे कोण, नोकरी काय, घर भाड्याचे की मालकीचे, खोल्या किती, लग्नाला किती पाने उठली, हे सारे आमच्या घरी कोणत्याही बैठकीत पहिल्या चहाच्या आत विचारून होते. फरक इतकाच, की बैठकीत तारीख चुकली तर कोणी अर्ज फेटाळत नाही.

अडचण आली ती पहिल्याच उत्तरात. आमची भेट पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात झाली होती. माझी बहीण जपानी शिकत असे. तिच्या बाईंनी वर्गाची सहल तिथे नेली होती, सोबत ओकायामाहून शिकवायला आलेली ही मुलगी होती आणि मी बहिणीला घ्यायला गेलो होतो. हे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले. आता ओकायामाच्या मुलीने आपला नवरा ओकायामाच्याच बागेच्या नमुन्यात भेटला असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते रचलेले वाटेल, अशी भीती आम्हाला वाटली. शेवटी पत्नीने उद्यानाचा नकाशा आणि फलकाचे छायाचित्र जोडले.

छायाचित्रांचीही एक गंमत झाली. दोघे एकत्र असलेली, चेहरे स्पष्ट दिसणारी दोनतीनच छायाचित्रे मागतात. नोंदणीनंतर घरगुती विधी झाला होता, त्यामुळे आमच्याकडे शेकडो छायाचित्रे होती. पण चांगल्या छायाचित्रांपैकी निम्म्यांत मुंडावळ्या चेहऱ्यावर आलेल्या आणि उरलेल्यांत आमच्यामध्ये अंतरपाट! अखेर स्वयंपाकघरात पुरणपोळी लाटताना कोणीतरी काढलेले एक साधे छायाचित्र उपयोगी पडले.

याशिवाय कराचे दाखले, राहत्या पत्त्याची नोंद आणि हमीपत्र. माझा राहण्याचा खर्च, प्रसंगी मायदेशी परतण्याचा खर्च आणि मी कायदा पाळीन ही ग्वाही, एवढ्या तीन गोष्टींची हमी पत्नीने घेतली. ही जबाबदारी कायदेशीर नसून नैतिक मानली जाते, असे तिने मला सांगितले. वसुली होत नसली तरी लाज जाते, असा मी त्याचा अर्थ लावला. तिचा पगार बेताचा असल्यामुळे माझ्या मुदत ठेवींचे बँकेचे पत्रही आम्ही जोडले, आणि असा कागद कोणी मागण्याची वाट पाहू नये, हे माझे मत आहे.

निर्णयाला एक ते तीन महिने लागतात, असे सांगतात. आम्हाला दहा आठवडे लागले. प्रमाणपत्र २०२३पासून ईमेलनेही मिळते, तसेच ते आले. त्याची मुदत तीन महिने असते आणि तेवढ्यात जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. मुंबईच्या जपानी वकिलातीकडून व्हिसा आठवडाभरात हाती आला. ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरल्यावर तिथेच निवासपत्र मिळाले. मग १४ दिवसांच्या आत त्यावर पत्ता नोंदवून घ्यायचा. या दर्जावर कोणतीही नोकरी करता येते, ही मोठीच सोय.

पहिल्यांदा मला एकच वर्ष मिळाले. मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो आणि त्या कागदांत ती प्रश्नावली नाही. हमीपत्र मात्र पुन्हा द्यायचे आहे, आणि त्यावर सही करावी की नाही याचा आपण अजून विचार करीत आहोत, असे पत्नी अधूनमधून सांगत असते.