आरशातले मित्र

मित्रांबरोबर बाईकवर फिरायला जाणं हा तसा बघितला तर उलटाच प्रकार आहे. म्हणजे आधी ग्रुपवर तारखांचा घोळ घालायचा, याला जमतंय तर त्याला जमत नाही, शेवटी कसाबसा एक वीकेंड सगळ्यांना सोयीचा निघतो, शनिवारी पहाटे डोळे चोळत सगळे जमतात आणि जमल्याजमल्या काय करतात, तर डोक्यात हेल्मेट चढवून एकमेकांशी बोलणं बंद करतात! पुढचे दोन तास ज्याचा तो. कारमध्ये कसं, गाणी कुठली लावायची यावरून भांडणं, एक जण झोपलेला, एक जण रस्ता चुकलाच कसा यावर भाषण देणारा. इथे त्यातलं काही नाही. इथे मित्र म्हणजे आरशात दिसणारा एक हेडलाइट. आणि तरी रात्री टेकल्यावर वाटतं की आज दिवसभर सगळे सोबत होतो. हे नेमकं होतं कसं, याचा विचार सरळ रस्त्यावर भरपूर करता येतो.

डोंगर आणि वाळवंट दोन्ही एकाच वीकेंडात म्हटलं की ऐकणाऱ्याला थाप वाटते. पण ते शेजारी शेजारीच असतात बऱ्याचदा, आणि उगाच नाही. वाफ भरलेली हवा डोंगर चढता चढता थंड होते, सगळा पाऊस अलीकडेच पाडून मोकळी होते आणि पलीकडे उतरते ती कोरडी ठणठणीत. शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून पाठ केलेलं तेच हे. हिमालयामागचं लडाख तसंच, आणि अमेरिकेत तर सिएरा नेवाडा रांगेतलं 4,421 मीटरचं माउंट व्हिटनी आणि समुद्रसपाटीच्याही 86 मीटर खाली असलेला डेथ व्हॅलीचा तळ यांच्यात सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटरसुद्धा नाहीत. भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांना असलेली ही गोष्ट बाईकवर अंगावर येते, खिंड ओलांडली की तासाभरात जॅकेटच्या आतला थर काढावासा वाटायला लागतो.

चढताना उलट. साधारण हजार मीटर वर गेलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात स्वतःच तयार केलेला वारा. थर्मामीटरवर 10 अंश असले तरी ताशी 60 च्या स्पीडला उघड्या कातडीला ते 5 च्या आसपास वाटतात, त्यामुळे सगळ्यात आधी बोटं जातात आणि क्लच दाबताना आपलीच बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटतात. इंजिनाचीही तीच गत. 3,000 मीटरवर हवेचा दाब खालच्या मानाने सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो. कार्बोरेटरवाली गाडी तिथे खोकायला लागते, कारण पेट्रोल जवळपास तेवढंच आणि हवा कमी. इंजेक्शनवाली गाडी शहाणी असते, ती हवा मोजून पेट्रोल कमी करते, पण जी हवाच नाही ती आणणार कुठून, त्यामुळे ताकद तिचीही जातेच. खाली सीसीवरून फुशारक्या मारणारे वर जरा शांत होतात, तेवढाच फायदा.

सरळ रस्त्यावर ग्रुप तिरक्या दोन रांगांत चालतो, एक डावीकडे, त्याच्या मागचा उजवीकडे, तिरक्यातल्या गाडीपासून एक सेकंदाचं अंतर आणि स्वतःच्या रेषेतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं. छान दिसतं ते. घाट लागला की हे मोडायचं आणि एकामागे एक व्हायचं, कारण वळणात प्रत्येकाला आपली पूर्ण लेन लागते. आणि इथे मित्र गायब होतात! आरशात बघावं तर आत्ताच सोडलेलं वळण, दगडी भिंत, बस्स. शिवाय आरशात फार बघायचंही नसतं, कारण बाईक जाते नजरेमागे. दरीकडे टक लावलीत तर दरीकडे जाईल, वळणाच्या टोकाकडे बघितलंत तर तिकडे. म्हणून घाटात मागच्याची काळजी चक्क सोडून द्यावी लागते, तो येतोय असं धरून चालायचं. मग एखाद्या हेअरपिनवर, म्हणजे रस्ता जिथे जवळजवळ उलटा फिरतो त्या वळणावर, गाडी वळवताना नजर सहज खाली जाते आणि खालच्या पट्टीवर तो दिसतो, आपण डावीकडे चाललोय, तो उजवीकडे, आणि आहे मात्र आपल्याच मागे. मला घाटातलं हे सगळ्यात जास्त आवडतं, निसर्गसौंदर्य वगैरे नंतर. उतारावर तर बघायचीही सोय नसते, खालचा गिअर टाकून इंजिनावर गाडी धरायची, ब्रेक सारखा दाबून ठेवला तर तो तापून हळूहळू लागेनासा होतो, सगळं लक्ष तिकडेच.

वाळवंटात बरोबर उलटा त्रास. तिथे मित्र सारखे दिसतात पण कळत काहीच नाही. रस्त्यालगतची हवा इतकी तापते की उजेड वाकून येतो आणि डांबरावर पाणी पसरल्यासारखं दिसतं, खरं तर ते खाली आलेलं आकाश असतं, आणि आरशातला हेडलाइट त्या पाण्यात थरथरतो, कधी एकाचे दोन होतात. तो जवळ आहे की लांब, चालतोय की थांबलाय, पत्ता लागत नाही. तरी हा डांबरी रस्ता झाला. कच्च्यावर गेलं की पुढच्याची धूळ थेट तोंडात, म्हणून प्रत्येक जण अंतर वाढवतो आणि बघता बघता ग्रुप क्षितिजावर विखुरलेले ठिपके होऊन जातो. वाळवंट म्हणजे नुसती वाळू हा एक गैरसमज आहे, जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूचा, बाकी खडी, दगड, कडक जमीन. पण तो पाचवा हिस्सा चाकाखाली आला की पुरेसा होतो. हॅंडल हट्टी पोरासारखं हात सोडवून घ्यायला बघतं आणि आपण जितकं घट्ट धरू तितकं ते बिथरतं. टायरमधली हवा कमी करायची, वजन मागे, थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटर सोडायचा नाही आणि पुढचा ब्रेक विसरून जायचा. सांगायला सोपं आहे, भीती वाटली की हात पहिल्यांदा थ्रॉटलच सोडतो.

आणि हो, उकडतंय म्हणून जॅकेट सताड उघडायचं नाही. हवा कातडीपेक्षा गरम असेल, म्हणजे 35 अंशांच्या वर वगैरे, तर वारा आपल्याला गार करत नाही, भाजतो, आणि घाम इतका पटकन उडतो की आपण सुकतोय हे तहान लागेपर्यंत कळतही नाही. पाणी पिण्यावरून आमच्यात एक जण आईगिरी करतो, त्याची चेष्टा सगळे करतात आणि पाणीही सगळे पितात.

या सगळ्यात ग्रुप टिकतो तो एका अगदी साध्या नियमावर. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं, त्याने बघितलं की निघायचं. शेवटचा पंक्चर झाला तर त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, असं करत करत सगळ्यात पुढच्या शहाण्यालाही थांबावंच लागतं. सगळ्यांची चिंता कुणीच करायची नाही, तरी सुटत कुणीच नाही. पेट्रोलचंही तसंच, थांबे ठरतात सगळ्यात छोट्या टाकीवरून. मोठ्या टाकीवाल्याने कुरकुर करून उपयोग नसतो, तो करतोच ती गोष्ट वेगळी.

आणि मग थांब्यावर हेल्मेट काढलं की सगळे एकदमच बोलायला लागतात. तो वळणावरचा ट्रक बघितलास का, ती मेंढरं, तो काळा पडलेला डोंगर. सगळ्यांनी तेच बघितलेलं असतं, एकेकट्याने, काही सेकंदांच्या अंतराने, पण कुणालाच ते दुसऱ्याला सांगता आलेलं नसतं, म्हणून ट्रकची गोष्ट जितके जण तितक्या वेळा होते आणि दरवेळी ट्रक थोडा मोठा होतो.

आता हेल्मेटमध्ये बसणारे इंटरकॉम घ्यायचं खूळ निघालंय. उपयोगी आहेत, नाही कशाला म्हणू, खड्डा आधी कळेल, मागचा थांबला तर लगेच समजेल, वाळवंटात तर जीवही वाचेल एखाद्या वेळी. पण मग ट्रक मला दिसायच्या आधीच पुढचा त्याचं वर्णन करून मोकळा झालेला असणार, आणि जो पाण्यावरून आईगिरी करतो तो दर दहा मिनिटांनी थेट कानात येणार. पुढच्या ट्रिपच्या आत सगळ्यांनी एकच मॉडेल घ्यायचं असा मेसेज ग्रुपवर आलाय, खाली सगळ्यांचे अंगठे पडलेत, माझा अजून नाही.